चेंबरचा ब्रश कुणी द्यायचा?

तुम्ही एनसीसीत रायफल साफ केली असेल तर पुलथ्रू आठवत असेल. दोरीच्या एका टोकाला वजन, दुसऱ्या टोकाला चिंदी. वजन नळीत सोडायचं, दोरी ओढायची, नळी चकाचक! पण यात एक जागा सुटते. काडतूस जिथे बसतं ते चेंबर नळीपेक्षा रुंद असतं. नळीत घट्ट बसणारी चिंदी तिथून सैलच निघून जाते. म्हणून चेंबरला वेगळा, जाड ब्रश लागतो. आज या साध्या ब्रशबद्दल लिहायचंय, कारण व्हिएतनाम युद्धात तो नसण्याची किंमत अमेरिकन सैनिकांनी मोजली.

१९६५-६६ पासून तिथे एम-१६ रायफली मोठ्या संख्येने गेल्या. या रायफलीत गोळी सुटली की थोडा गॅस एका बारीक नळीतून थेट मागच्या यंत्रणेत, म्हणजे ॲक्शनमध्ये येतो आणि बोल्टला मागे ढकलतो. बोल्ट जाताना रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकतो. थोडक्यात, गॅसबरोबर काजळीही आतच येते. त्यात काडतुसातली दारू बदलली गेली होती. नव्या दारूने रायफलीचा वेग वाढला आणि घाणही जास्त साचू लागली. चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता. दमट हवेत ते गंजायचं, खडबडीत व्हायचं आणि पुंगळी आत चिकटून बसायची.

मग सैनिक काय करायचा? ऐन चकमकीत नळीच्या तोंडातून साफसफाईचा रॉड घालून पुंगळी ठोकून बाहेर काढायचा. तोही सगळ्यांकडे नव्हता! या रायफलीला फारशी सफाई लागत नाही, असा समज पसरला होता आणि सफाईची किट्स पुरेशी पोचलीच नव्हती. काहींनी तर घरी पत्रं लिहून तेल मागवलं.

तरी सुरुवातीला बोट सैनिकांकडेच गेलं: तुम्ही रायफल साफ ठेवत नाही. मे १९६७ मध्ये एका मरीन सैनिकाचं पत्र अमेरिकन संसदेत वाचलं गेलं. मेलेल्या साथीदारांच्या शेजारी त्यांच्या उघडलेल्या रायफली सापडल्या, असं त्यात होतं. त्याच वर्षी रिचर्ड इकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय उपसमितीने चौकशी केली आणि दारू बदलण्याच्या निर्णयावर ठपका ठेवला.

पुढे चेंबरला क्रोम आला, चेंबरचा खास ब्रश आला. त्याचा एक भाग चेंबरसाठी, तर मागचा रुंद भाग बोल्ट अडकतो त्या खाचांसाठी. १९६८ मध्ये विल आइस्नर या चित्रकाराने काढलेली, सफाई शिकवणारी कॉमिक पुस्तिकाही सैनिकांना दिली गेली.

‘सैनिक सफाई करत नव्हते’ हे वाक्य तेव्हाच्या चर्चेत पुन्हा पुन्हा भेटतं. ते खोटं नाही, अर्धवट आहे. देखभालीची जबाबदारी वापरणाऱ्यावर टाकणं सोपं असतं, पण हत्यार पाठवताना त्याबरोबर ब्रश पाठवायचा की नाही, हा निर्णय खंदकात होत नाही, कार्यालयात होतो. इतिहास वाचताना म्हणून दोन्ही तारखा शोधा: यंत्र कधी पोचलं आणि ते साफ करायचं साहित्य कधी पोचलं. नंतरच्या एम-१६ च्या दस्त्यातच किट ठेवायला झाकणाचा कप्पा केला गेला. आधीच्या दस्त्यात ती सोय नव्हती.