मयताचं देणं, चौकटीतली हाक

पुण्यातल्या मराठी दैनिकांत आतल्या पानावर एक चौकट हमखास असते. ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की’ अशी सुरुवात, मग मयताचं नाव, मिळकतीचा तपशील. कोणाचा बोजा, गहाण वा दावा असेल तर मुदतीत कागदपत्रांसह वकिलांकडे यावं, नाहीतर हक्क सोडून दिला असं समजलं जाईल. मयताच्या धनकोंना अशी हाक घालण्याची रीत मात्र आपल्याकडे उशिरा आली. आधी तिची गरजच नव्हती.

मिताक्षरेच्या परंपरेत बापाचं कर्ज मुलाने व्याजासकट फेडायचं आणि नातवाने निदान मुद्दल. मिळकत हाती आली की नाही, हा प्रश्नच नव्हता. जुगार, दारू अशा कारणांपायी काढलेली कर्जं तेवढी वगळलेली. १७७२ मध्ये थेऊरला अंथरुणाला खिळलेल्या थोरल्या माधवराव पेशव्यांनी शेवटच्या इच्छांची जी नऊ कलमी यादी केली, तिच्यातही कर्ज फेडण्याचं कलम होतं. सावकाराने दवंडी कशाला पिटायची? ऋणको गेला तरी त्याचं घर होतंच.

ही साखळी तोडली १८६६ च्या मुंबई इलाख्याच्या सातव्या कायद्याने. हिंदू वारसाची जबाबदारी हाती आलेल्या मिळकतीपुरतीच, असं त्याने ठरवलं. गावात ते लगेच रुजलं असं नाही. सावकार मुलाकडून नवा रोखा लिहून घ्यायचा आणि मुलगाही अब्रूपायी अंगठा उठवायचा. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात सावकारांचे रोखे जाळले गेले, त्यांत अशी वडिलार्जित कर्जंही असणार.

पण कायद्याने नवा पेच उभा केला. मिळकत संपली की देणंही संपणार असेल, तर आधी येईल त्याने सगळं घेऊन जायचं का? आणि वाटप उरकल्यावर एखादा धनको उगवला तर मयताच्या मिळकतीच्या व्यवस्थापकाने पदरचे भरायचे? इंग्लंडने १८५९ मध्ये तोड काढली होती: रीतसर नोटीस द्या, मुदत संपू द्या, मग कळलेल्या दाव्यांपुरतं बघून वाटप करा. हिंदूंच्या मृत्युपत्रांसाठी ती १८८१ च्या प्रोबेट कायद्यात आली. आज ती १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याच्या कलम ३६० मध्ये आहे. मला विचाराल तर ही नोटीस धनकोच्या कळवळ्यापोटी नाहीच. ती व्यवस्थापकाची ढाल आहे.

ढालीची गरज का, हे पुण्याला चांगलं ठाऊक. ७ ऑगस्ट १८९७ ला सरदार बाबामहाराज वारले. कर्जात रुतलेल्या त्यांच्या मिळकतीची व्यवस्था मृत्युपत्राने टिळक, खापर्डे वगैरेंकडे आली. पुढे त्यांच्या विधवा ताईमहाराज यांच्या दत्तकावरून पेटलेलं ताईमहाराज प्रकरण प्रिव्ही कौन्सिलमध्ये १९१५ साली संपलं. मधल्या काळात याच प्रकरणातून टिळकांवर फौजदारी खटला चालून शिक्षाही झाली होती. ती उच्च न्यायालयाने १९०४ मध्ये रद्द केली.

पैसे वाटण्याचा क्रम कायद्याने सुरेख लावलाय. आधी अंत्यविधीचा आणि शेवटच्या आजारपणाचा खर्च, मग प्रोबेटचा, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून प्रमाणित करून घेण्याचा. त्यानंतर नंबर घरगड्याचा, मोलकरणीचा, कारागिराचा: मरणाआधीच्या तीन महिन्यांतली थकलेली मजुरी. बँकवाले त्यांच्या मागे, आपापल्या येण्याच्या प्रमाणात. गहाणखत असेल तर गोष्ट वेगळी.

मुंबईत प्रोबेटची सक्ती होती तशी पुण्यात नव्हती, त्यामुळे कलम ३६० ची नोटीस इथे क्वचितच दिसते. दिसते ती फ्लॅटची. सभासद नॉमिनी न नेमता गेला, तर सोसायटी आपल्या फलकावर आणि दोन स्थानिक वर्तमानपत्रांत नोटीस देऊन दावे व हरकती मागवते. आणि ‘हक्क सोडला असे समजले जाईल’ ही धमकी दिसते तितकी पक्की नसते. मुदत हुकलेल्या धनकोला व्यवस्थापकावर जाता येत नाही, पण वाटप ज्यांच्या हाती गेलं त्यांच्याकडून आपलं येणं वसूल करायची वाट कलम ३६० च त्याला मोकळी ठेवतं. बापाचं कर्ज फेडण्याचं मुलाचं धर्मकर्तव्य तेवढं ९ सप्टेंबर २००५ पासून, नव्या कर्जांपुरतं, कोर्ट मानत नाही.