मिठातला दुसरा भिडू

परवा उरणची मिठागरं बघताना डोक्यात आलं, मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोराइड, मग हृदयाच्या ठोक्याची गोष्ट सांगताना सगळा मान सोडियम, पोटॅशियम नि कॅल्शियमलाच का? घरी येऊन वाचत बसलो.

तर १९६७ साली डुडेल, ट्राउटवाइन वगैरे मंडळींनी हृदयाच्या पुरकिंजे तंतूंमधला, ठोक्याच्या सुरुवातीचा एक विद्युतप्रवाह क्लोराइडच्या नावावर लावला. युक्ती साधी: भोवतालच्या खारट द्रावणातला क्लोराइड काढा, दुसरा आयन घाला, प्रवाह घटतो. पटलं ना? मलाही पटलं. पण १९७९ मध्ये केन्यन आणि गिबन्स यांनी दाखवलं की तो प्रवाह मुख्यतः पोटॅशियमचा. झालं, क्लोराइडची फाइल बंद! (आम्ही डेव्हलपर लोक बग बंद करतो तशीच.)

ती पुन्हा उघडली १९८९ मध्ये. हार्वे-ह्यूम आणि गॅड्सबी यांच्या गटांनी सुट्या हृदयपेशींत, अ‍ॅड्रेनलिनसारख्या औषधाने उघडणारी खरीखुरी क्लोराइड वाहिनी मोजली. गंमत म्हणजे त्याच वर्षी सिस्टिक फायब्रोसिसचं जनुक सापडलं, आणि पुढे कळलं की गिनीपिगच्या हृदयातली ही वाहिनी त्याच जनुकाची. फुफ्फुसाच्या आजाराचं जनुक, आणि सापडलं हृदयात! माणसाच्या हृदयात तिचा वाटा किती, यावर मात्र वाद आहे.