टेलेक्सवर चाललेला समाजवाद: चिली, 1970 ते 1973

समाजवादी नियोजन म्हटलं की आपल्याला मॉस्को आठवतं. वरून हुकूम, खाली मान डोलवणं. पण चिलीमध्ये वेगळं काही करून बघितलं गेलं, आणि तेही कॉम्प्युटर वापरून.

1970 मध्ये साल्वादोर आयेंदे निवडणूक जिंकून राष्ट्राध्यक्ष झाले. प्रत्येक मुलाला रोज अर्धा लिटर दूध, तांब्याच्या खाणींचं राष्ट्रीयीकरण, आणि एकामागून एक कारखाने सरकारच्या ताब्यात. आता हे सगळं चालवायचं कसं? हा प्रश्न पडला फर्नांडो फ्लोरेसला. वय 28, इंजिनिअर. त्याने 1971 मध्ये स्टॅफर्ड बिअर या ब्रिटिश तज्ज्ञाला पत्र लिहिलं आणि त्यातून ‘सायबरसिन’ उभं राहिलं.

हाताशी होता एक मोठा कॉम्प्युटर आणि गोदामात पडून असलेली टेलेक्स मशिन्स. कारखान्यांचे आकडे सांतियागोला यायचे. त्यातला एक नियम मला फार आवडतो. गडबड दिसली तर सूचना आधी त्या कारखान्यालाच. ठरलेल्या वेळात त्यांना जमलं नाही, तरच ती वर जाणार. ऑन-कॉल केलेल्यांना हे लगेच कळेल!

ऑक्टोबर 1972 मध्ये ट्रकमालकांनी संप करून देश अडवला. तेव्हा याच टेलेक्सवरून कुठे काय तुटवडा आहे, कुठला ट्रक मोकळा आहे हे कळत गेलं, आणि सरकार तगलं.

बिअर एक किस्सा सांगायचा. आकृतीत सगळ्यात वरचा चौकोन राष्ट्राध्यक्षांचा, असं तो म्हणणार होता. त्याआधीच आयेंदे म्हणाले, इथे जनता!

प्रत्यक्षात तसं झालं नाही. इंजिनिअर कामगारांपेक्षा मॅनेजरांशीच जास्त बोलले. आकडे उशिरा यायचे. महागाई भडकलेलीच राहिली. आणि 11 सप्टेंबर 1973 ला लष्कराने सत्ता बळकावली. आयेंदे गेले, फ्लोरेस तुरुंगात, सायबरसिन मोडीत.

आज त्याहून कितीतरी ताकदीचे डॅशबोर्ड डिलिव्हरीवाल्या पोराचं मिनिट न् मिनिट मोजतात. तो आकडा त्याच्या हातात नसतो, त्याच्यावर रोखलेला असतो. म्हणून मला वाटतं, विकास माणसाचा की नुसत्या उत्पादनाचा, हे मशीन ठरवत नाही. वरच्या चौकोनात कोण बसलंय, त्यावर ते ठरतं.