कोरे राहिलेले पान

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे मंडळाच्या चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लिहिण्याचा सराव किराण्याच्या यादीपुरता. पण आमच्या घरी एक जुने पुस्तक आहे. त्याची हकीकत आपल्या अकोल्याच्या इतिहासाशी जोडलेली आहे, म्हणून धीर केला.

अकोल्यात १९१२ साली मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा हरि नारायण आपटे अध्यक्ष होते. पुढे १९८१ साली संमेलन पुन्हा आपल्या गावी आले. त्या वेळी अध्यक्ष होते गो. नी. दांडेकर, म्हणजे सर्वांचे गोनीदा. ते आपल्याच वऱ्हाडचे. १९१६ साली परतवाड्यास त्यांचा जन्म झाला.

माझ्या सासूबाई त्या संमेलनाला गेल्या होत्या. कडेवर वर्षाचे मूल (ते म्हणजे माझे यजमान!) आणि पिशवीत 'पडघवली' हे पुस्तक. आवडत्या लेखकाचे बोलणे ऐकावे आणि पुस्तकावर सही घ्यावी, एवढीच इच्छा. भाषण त्यांनी मंडपाच्या कडेला उभे राहून ऐकले. पण सहीसाठी पुढे सरकणार, तोच मूल रडू लागले, आणि गर्दीतून त्या मागे फिरल्या. पुस्तकाचे पहिले पान कोरेच राहिले. गोनीदा १९९८ साली गेले, आणि ती गोष्ट तिथेच संपली.

आता सासूबाईंची दृष्टी अधू झाली आहे. गेल्या चातुर्मासात त्या म्हणाल्या, "थे पुस्तक वाचून दाखोतं का वं?" मी कचरले. त्यावर म्हणाल्या, "भेतं कायले? पोथी वाचतं तसंच वाच." गजानन विजय ग्रंथाचे २१ अध्याय मी दरवर्षी मोठ्याने वाचते. मग कादंबरीला का भ्यावे?

'पडघवली'त कोकणातील एका गावाची पडझड अंबूवहिनी स्वतःच्या तोंडाने सांगते. वाचता वाचता माझ्या ध्यानात आले, की आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?' या कादंबरीतही यमू आपले दुःख स्वतःच सांगते. अकोल्याने मान दिलेले हे दोन अध्यक्ष. दोघांनीही बाईची गोष्ट बाईच्याच तोंडी दिली. आपल्या बायकांना याचा अभिमान वाटावा.

आणखी एक गोष्ट कळली. वयाच्या तेराव्या वर्षी गोनीदा शाळा सोडून स्वातंत्र्याच्या चळवळीत गेले. पुढे त्यांनी गाडगेबाबांचा सहवास मिळवला, नर्मदेची परिक्रमा केली, आणि १९७६ साली 'स्मरणगाथा'स साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. माझीही शाळा साधारण त्याच वयात सुटली. त्यांची बरोबरी मी कशी करणार? पण शाळा सुटली म्हणून पुस्तक सुटत नाही, हे मात्र मनात पक्के बसले.

त्यांच्या कन्या वीणा देव आणि जावई विजय देव यांनी गोनीदांच्या कादंबऱ्यांचे अभिवाचन ठिकठिकाणी केले. वेष नाही, पडदा नाही. समोर पुस्तक आणि नीट लावलेला आवाज. विजयराव २०१९ साली आणि वीणाताई २०२४ साली निवर्तल्या. पण हे काम घरोघरी होण्यासारखे आहे.

शेवटचे प्रकरण संपले त्या दिवशी सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "सही नाही भेटली, पन गोष्ट भेटली." पुस्तक त्यांनी माझ्या हाती दिले.

म्हणून भगिनींनो, माझी एक सूचना आहे. महिन्यातून एकदा मंडळात तासभर कादंबरी मोठ्याने वाचावी. ज्यांना दिसत नाही, ज्यांना वाचता येत नाही, त्यांना पुढे बसवावे. सुरुवातीला मी वाचीन. चुकले तर आपण सांभाळून घ्यालच.