‘मूल’ कोणाला म्हणायचं? अमेरिकन टॅक्स कोडची शंभर वर्षं

अमेरिकेत कॉलेजात जाणारं पोर घरात असलं की दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये एक प्रश्न हमखास उगवतो. पोरगं समरमध्ये इंटर्नशिप करून चार पैसे कमावून आलेलं असतं, स्वतःचं रिटर्न स्वतः भरायला बसतं आणि सॉफ्टवेअर विचारतं, “तुम्हाला दुसरं कोणी डिपेंडंट म्हणून दाखवू शकतं का?” नीट वाचा हं. ‘दाखवतं का’ असं विचारलेलं नाही, ‘दाखवू शकतं का’ असं विचारलंय. या एका ‘शकतं’वर काही हजार डॉलर इकडचे तिकडे होतात. आणि या शब्दामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे.

आपल्यासारख्या कोड लिहिणाऱ्या मंडळींना हा इतिहास फार ओळखीचा वाटेल. जुना लेगसी कोड, त्यावर पॅच, पॅचमुळे नवीन बग, बगवर आणखी एक पॅच.. आणि मूळ डिझाईन कोणाच्याच लक्षात नाही!

सुरुवात १९१३ ची. त्या वर्षी सोळावी घटनादुरुस्ती झाली आणि अमेरिकेत आजचा इन्कम टॅक्स आला. तेव्हा सूट होती ती माणसाला आणि जोडप्याला. मुलांचा हिशेब नव्हता. १९१७ मध्ये महायुद्धाच्या खर्चासाठी कर वाढवावा लागला, कराच्या जाळ्यात सामान्य घरंही यायला लागली, तेव्हा १८ वर्षांखालच्या प्रत्येक अवलंबून असलेल्या मुलामागे २०० डॉलरची सूट दिली गेली. तर्क साधा होता. खाणारी तोंडं जास्त तर कर कमी. कॉलेजचा यात विषयच नव्हता, कारण कॉलेजात जाणारे तेव्हा होतेच किती!

कॉलेजचा प्रश्न आला दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४४ च्या ‘जीआय बिल’मुळे लाखो परतलेले सैनिक कॉलेजात गेले आणि कॉलेज ही मध्यमवर्गाची गोष्ट झाली. पण टॅक्स कोडमध्ये एक जुनी अट बसली होती. डिपेंडंटचं स्वतःचं उत्पन्न सुटीच्या रकमेपेक्षा कमी पाहिजे. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला ही रक्कम होती ६०० डॉलर. म्हणजे पोराने उन्हाळ्यात राबून ५९९ डॉलर कमावले तर ठीक, पण ६०० चा आकडा गाठला की वडिलांची आख्खी ६०० ची सूट गायब. मग शहाणी मुलं काय करणार? ऑगस्टमध्ये काम बंद! कष्टाळू मुलाच्या बापाला दंड, असा हा प्रकार झाला.

१९५४ मध्ये आख्खा टॅक्स कोड नव्याने लिहिला गेला, त्यात याचं निराकरण केलं. मूल १९ वर्षांखालचं असेल किंवा पूर्णवेळ विद्यार्थी असेल, तर त्याची कमाई बघायची नाही. आईवडील निम्म्याहून जास्त खर्च उचलतात ना, मग झालं. ‘पूर्णवेळ विद्यार्थी’ कोण, तर वर्षातले पाच महिने जो पूर्णवेळ शिकतो तो. ही पाच महिन्यांची व्याख्या आजही तशीच आहे. सत्तर वर्षं टिकलेला कॉन्स्टंट म्हणा ना.

पण या पॅचमध्ये एक गंमत राहून गेली. आईवडील मुलामागे सूट घेत आणि तेच मूल स्वतःच्या रिटर्नवर स्वतःची सूटही घेई. एक माणूस, दोन सुटी! हे बत्तीस वर्षं चाललं. १९८६ मध्ये रेगनच्या काळातल्या मोठ्या करसुधारणेत ते बंद झालं. नवा नियम आला की तुम्हाला दुसरं कोणी डिपेंडंट म्हणून दाखवू ‘शकत’ असेल, तर तुम्ही स्वतःची सूट घ्यायची नाही. तो सुरुवातीचा ‘शकतं’ इथून आला. याच कायद्याने पाच वर्षांवरच्या डिपेंडंटचा सोशल सिक्युरिटी नंबर लिहिणंही सक्तीचं केलं, आणि १९८७ च्या रिटर्न्समधून एका झटक्यात सुमारे ७० लाख डिपेंडंट नाहीसे झाले. मुलं कुठेही गेली नव्हती, त्यातली बरीचशी मुळात नव्हतीच किंवा दोन-दोन ठिकाणी लागलेली होती. १९८८ मध्ये आणखी एक वेसण घातली. विद्यार्थी असला तरी २४ च्या आतलाच. त्याआधी तिशीतला पीएचडीवालाही कागदोपत्री बाबांचं बाळ राहू शकत होता.

आता इतिहासाचा दुसरा धागा. सूट आणि क्रेडिट यात फरक आहे, तो आधी सांगतो. सूट किंवा वजावट म्हणजे उत्पन्नातून वजा. क्रेडिट म्हणजे थेट करातून वजा. आपण भारतात वर्षानुवर्षे मुलांची ट्यूशन फी ‘८०-सी’मध्ये दाखवत आलो ती वजावट. तेवढीच रक्कम क्रेडिट म्हणून मिळाली असती तर तिची किंमत कितीतरी पट झाली असती.

कॉलेजच्या फीसाठी असं क्रेडिट द्यावं ही मागणी अमेरिकेत साठच्या दशकापासूनची. सिनेटर अब्राहम रिबिकॉफ यांनी ती लावून धरली होती. पण राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी वेगळा रस्ता धरला. १९६५ च्या उच्चशिक्षण कायद्याने गरजूंना मदत आणि सरकारी हमीची कर्जं सुरू झाली. १९७८ मध्ये पॅकवुड आणि मॉयनिहन या सिनेटर्सनी पुन्हा क्रेडिट पुढे आणलं, तेव्हा कार्टर यांनी मध्यमवर्गालाही मदत-कर्जांच्या योजनेत घेऊन तो विषय बाजूला सारला. मूळ वाद एकच होता. पैसा गरज बघून द्यायचा की कर भरतो म्हणून द्यायचा?

१९९६ साल निवडणुकीचं. ४ जूनला प्रिन्स्टन विद्यापीठात भाषण करताना क्लिंटन यांनी १५०० डॉलरच्या क्रेडिटची घोषणा केली. नाव दिलं ‘होप’, जॉर्जिया राज्यात १९९३ पासून लॉटरीच्या पैशांवर चाललेल्या लोकप्रिय शिष्यवृत्तीवरून घेतलेलं. मूळ प्रस्तावात दुसऱ्या वर्षी क्रेडिट हवं तर ‘बी’ सरासरी हवी अशी अट होती. ती गळाली. (आयकर खात्याने मार्कशीट तपासायच्या म्हणजे कमालच की!) ड्रग्जच्या गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांना क्रेडिट नाही, ही अट मात्र राहिली. ५ ऑगस्ट १९९७ ला कायद्यावर सही झाली. पहिल्या दोन वर्षांसाठी ‘होप’ आणि त्यापुढच्या शिक्षणासाठी ‘लाइफटाइम लर्निंग’ अशी दोन क्रेडिट्स आली.

पण खरी मेख पुढे आहे. ‘होप’ परत मिळणारं नव्हतं. म्हणजे तुमचा कर शून्य असेल तर क्रेडिटही शून्य. ज्या घराला फीची सर्वात जास्त चणचण, त्याच घराच्या हाती भोपळा! २००९ मध्ये ओबामांच्या काळात ‘होप’ची जागा ‘अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी’ने घेतली. कमाल २५०० डॉलर, चार वर्षं, पुस्तकंही धरली आणि ४० टक्के, म्हणजे १००० पर्यंत, कर नसला तरी परत. २०१५ मध्ये हे कायमचं झालं. पण रक्कम महागाईशी बांधलेली नाही. २००९ चे २५०० आजही २५००च आहेत.

मधल्या काळात, २००४ च्या कायद्याने, एक चांगलं रिफॅक्टरिंग झालं. तोवर टॅक्स कोडमध्ये ‘मूल’ या शब्दाच्या पाच वेगवेगळ्या व्याख्या होत्या, त्यांची बहुतांशी एक केली. आईवडिलांनी निम्मा खर्च केला का हे विचारणं थांबलं आणि मुलाने स्वतः स्वतःचा निम्म्याहून जास्त खर्च केला का, हे विचारणं सुरू झालं. आणि कॉलेजच्या डॉर्ममध्ये काढलेले महिने ‘तात्पुरती गैरहजेरी’. कायद्याच्या लेखी पोरगं घरीच आहे.

२०१८ पासून डिपेंडंटची सूटच शून्य झाली, मोठ्या विद्यार्थी-मुलामागे ५०० डॉलरचं छोटं क्रेडिट उरलं. यातून एक हिशेब निघतो, तो न्यू जर्सी किंवा बे एरियातल्या आपल्या मंडळींच्या कामाचा आहे. दोघेही नोकरीत असलेल्या जोडप्याचं उत्पन्न १,८०,००० च्या वर गेलं की शिक्षणाचं क्रेडिट संपूर्ण बंद. अशा वेळी आईवडिलांनी मुलाला डिपेंडंट दाखवायचंच नाही असं ठरवलं, तर मुलगा स्वतः क्रेडिट घेऊ शकतो. समजा २०२४ मध्ये त्याने इंटर्नशिपमध्ये ३०,००० कमावले. १४,६०० ची स्टँडर्ड वजावट जाऊन त्याचा कर होतो १,६१६ डॉलर. परत मिळणारा १००० चा भाग अशा मुलांना सहसा मिळत नाही, पण उरलेले १५०० या करातून कापले जातात. घराने ५०० सोडले, १५०० मिळवले. मात्र ‘दाखवू शकतं का’ला उत्तर ‘हो’च द्यायचं!

आणि पुण्या-मुंबईहून एफ-१ व्हिसावर गेलेल्यांचं काय? पहिली पाच कॅलेंडर वर्षं ते करासाठी ‘नॉन-रेसिडेंट’ धरले जातात, आणि नॉन-रेसिडेंटला ही क्रेडिट्स सहसा मिळत नाहीत. हातात कॉलेजचा १०९८-टी फॉर्म आला म्हणून रेसिडेंटच्या सॉफ्टवेअरवर रिटर्न भरून १००० डॉलरचा रिफंड घेतला, तर तो पुढे व्याजासकट परत करायची वेळ येऊ शकते. आपल्याला मिळतं ते वेगळं. १९८९ च्या भारत-अमेरिका कर-कराराच्या २१ व्या कलमामुळे भारतीय विद्यार्थ्याला १०४०-एनआरवरही स्टँडर्ड वजावट घेता येते. ही सवलत बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना नाही.

एवढ्या खटाटोपाने जास्त मुलं कॉलेजात गेली का? जॉर्ज बुलमन आणि कॅरोलाइन हॉक्सबी या अर्थशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये करखात्याच्याच आकड्यांवरून तपासलं. परिणाम नगण्य निघाला. आश्चर्य नाही. फी भरायची ऑगस्टमध्ये आणि क्रेडिट मिळायचं पुढच्या वसंतात. ज्याला ऑगस्टमध्येच पैसे कमी पडतात, त्याने तोवर काय करायचं? ज्याने कसेही करून फी भरलीच असती, त्याला नंतर बक्षीस मिळतं, एवढाच याचा अर्थ. साठच्या दशकातला तो वाद सुटलेला नाही, फक्त फॉर्मच्या पोटात जाऊन बसलाय.

गंमत बघा, त्याच देशात एच-४ व्हिसावरचं मूल २१ व्या वर्षी ‘मूल’ राहत नाही, टॅक्समध्ये आणि सरकारी विद्यार्थी-मदतीत ते २४ पर्यंत मूल असतं आणि आईवडिलांच्या आरोग्य विम्यात २६ पर्यंत. एकाच घरातलं, एकाच टेबलावर जेवणारं पोर. व्हिसाचा आकडा त्यातला सगळ्यात लहान, आणि घर सोडायला लावू शकेल असा तोच. एच-१बी वर असाल आणि मूल सतरा-अठराचं असेल, तर फॉर्म भरताना हे तीनही आकडे समोर लिहून ठेवा.