पाण्डुपत्रतेचें निदान : वृक्षायुर्वेद आणि राजापुरांतील कुंडींतलीं रोपें

कोंवळ्या रोपाचीं पानें पिवळीं पडलीं असतां त्यास पाणी कमी झालें, पाणी अधिक झालें, कीं खत कमी पडलें, हें कसें ओळखावें, हा प्रश्न वरवर पाहतां माळ्याचा आहे, इतिहाससंशोधकाचा नाहीं. तथापि वृक्षायुर्वेदाच्या ज्या थोड्या ग्रंथांवर आपण अभिमानानें बोट ठेवतों, त्यांचा मुख्य विषय हाच आहे. ते ग्रंथ आपण बरोबर वाचतों कीं नाहीं, याची परीक्षा अखेर रोपाच्या मुळाशींच होते. आमच्या वाचनांतील एक चूक अशाच परीक्षेंत उघडकीस आली. तिची हकीकत व तीवरून निघणारा निष्कर्ष वाचकांपुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम ग्रंथांकडे वळूं. या विषयाचें सर्वांत सुपरिचित प्रकरण म्हणजे वराहमिहिराच्या बृहत्संहितेंतील वृक्षायुर्वेदाध्याय होय. इसवी सनाच्या सहाव्या शतकांतील हा अध्याय बहुतेक आवृत्त्यांत ५५ वा व कांहींत ५४ वा म्हणून छापलेला आढळतो. दहाव्या शतकांतील भट्टोत्पलाची टीका त्यावर आहे व तींत काश्यपाचीं वचनें उद्धृत केलीं आहेत. दुसरें प्रकरण शार्ङ्गधरपद्धतींतील उपवनविनोद. ही पद्धति इ. स. १३६३ ची असून पीटर पीटर्सन यांनीं ती १८८८ मध्यें मुंबईस प्रसिद्ध केली. उपवनविनोदाची स्वतंत्र आवृत्ति गिरिजाप्रसन्न मजुमदार यांनीं १९३५ मध्यें कलकत्त्यास काढली. तिसरा ग्रंथ सुरपालाचा वृक्षायुर्वेद. त्याची पोथी ऑक्सफर्ड येथील बोडलियन ग्रंथालयांत होती; तीवरून नलिनी साधले यांनीं केलेलें इंग्रजी भाषांतर १९९६ मध्यें सिकंदराबादेहून प्रसिद्ध झालें. साधनें मोजकीं असलीं तरी, अभ्यासकाच्या हातीं आज तीं सहज येतात.

वराहमिहिराचा अध्याय आकारानें लहान आहे. परंतु त्यांतील विषयांचा क्रम ध्यानांत घेण्यासारखा आहे. आरंभीं भूमि येते : मृदु भूमि सर्व वृक्षांस हितकर, तींत आधीं तीळ पेरावे आणि ते फुलावर आले म्हणजे तेथेंच मळून टाकावे. आज ज्यास हिरवळीचें खत म्हणतात तेंच हें होय. पुढें फांदीपासून रोप करण्याचा व एका झाडाच्या मुळावर अथवा खोडावर दुसऱ्याची फांदी बसविण्याचा विधि आहे. फणस, जांभूळ, डाळिंब, द्राक्ष, महाळुंग इत्यादि झाडें त्यासाठीं नांवानिशीं सांगितलीं आहेत. त्यानंतर लावणीचे ऋतु, मग पाणी, मग ओलसर जागेंत वाढणाऱ्या सोळा वृक्षांची यादी, मग दोन झाडांमधील अंतर : वीस हात उत्तम, सोळा मध्यम, बारा कनिष्ठ. हें सर्व सांगून झाल्यावर रोगाचा विषय निघतो, आणि खताचा प्रसिद्ध योग तर त्याच्याही पुढें येतो.

पाण्याविषयींचा नियम तीन ऋतूंस धरून आहे. उन्हाळ्यांत सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावें, हिवाळ्यांत दिवसाआड द्यावें, आणि पावसाळ्यांत भूमि सुकली असेल तेव्हां द्यावें. यांतील भेद बारकाईनें पाहावा. पहिल्या दोन ठिकाणीं ग्रंथकारानें वेळेचें माप दिलें आहे. तिसऱ्या ठिकाणीं वेळेचें माप मुळींच नाहीं. तेथें मातीची अवस्था हेंच माप आहे. म्हणजे पंचांग पाहून नव्हे, तर माती पाहून पाणी द्यावयाचें.

रोगाचीं कारणें म्हणून वराहमिहिरानें थंडी, वारा व ऊन हीं तीन दिलीं आहेत, व लक्षणें चार : पाण्डुपत्रता, म्हणजे पानांचा फिकटपणा, कोंवळ्या पालवीची वाढ खुंटणें, फांद्या वाळणें, आणि रस गळणें. उपचार असा : प्रथम शस्त्रानें दूषित भाग काढून टाकावा, मग वावडिंग, तूप व चिखल यांचा लेप द्यावा, व दूधमिश्रित पाणी घालावें. शेळ्यामेंढ्यांची लेंडी, तीळ, सातू, मांस व पाणी सात रात्रीं मुरवून करावयाचा जो योग सर्वत्र सांगितला जातो, तो या ठिकाणीं नाहीं. तो फुलाफळांच्या वृद्धीसाठीं आहे, पिवळ्या पानांसाठीं नव्हे. ग्रंथांत हा भेद स्पष्ट असतांही आमच्या लक्षांत तो अनेक वर्षें आला नाहीं.

याचें कारण आमची वही. अध्यापन करीत असतां आम्हीं या अध्यायांतून व उपवनविनोदांतून टिपणें घेतलीं होतीं. तीं आज पाहतां असें दिसतें कीं, आम्हीं केवळ योग उतरून घेतले. लक्षणें अर्धीं उतरलीं, आणि पाण्याचा नियम तर अगदींच सोडून दिला. योगांत द्रव्यें असतात, मापें असतात, कांहीं चमत्कार असतो. पाणी केव्हां द्यावें यांत चमत्कार तो काय, अशी त्या वेळची आमची समजूत असावी.

निवृत्तीनंतर राजापुरीं आम्हीं अंगणांत हापूसचीं बारा कोय-कलमें कुंड्यांत लावलीं. कलम बांधण्याची कला या किनाऱ्यास नवी नाहीं. हापूस हें नांवच पोर्तुगीज अधिकारी आफोंसो द आल्बुकेर्क याच्या नांवावरून आलें आहे, व गोमंतकांत पोर्तुगीज अमलांत आंब्याचीं कलमें होऊं लागलीं. १९९० मध्यें रोजगार हमीशीं जोडलेली फळबाग योजना महाराष्ट्रांत सुरू झाल्यापासून तर कोंकणांत पिशवींतलें कलम घरोघर आलें. दापोली येथील कोंकण कृषि विद्यापीठ १९७२ चें. त्याचीं कलमें व त्याचा सल्ला हे दोन्ही आमच्या आवाक्यांत होते. परंतु आमचा भरंवसा वहीवर होता.

श्रावणांत कलमांचीं पानें फिकट होऊं लागलीं व दुपारीं माना टाकूं लागलीं. आम्हीं वही उघडली, पाण्डुपत्रता हा शब्द वाचला, आणि त्याच पानावर खालीं उतरलेला योग त्या लक्षणास जोडून दिला. मांस वगळून लेंडी, तिळाची पेंड व सातू सात दिवस मुरविले, आणि तें पाणी दिवसाआड प्रत्येक कुंडींत ओतलें. पानें लवली असल्यामुळें रोपांस तहान लागली असें समजून पाऊस उघडला म्हणजे साधें पाणीही घातलें. तीन आठवड्यांत बारांपैकीं आठ कलमें गेलीं.

नववें जाण्याच्या बेतांत असतां शेजारच्या वाडींतील एका वृद्ध कलमवाल्यास आम्हीं बोलाविलें. त्यानें पानांकडे क्षणभरच पाहिलें. कुंडी दोन्ही हातांनीं उचलून तिचें वजन पाहिलें, मातींत दोन पेरें बोट घातलें, कुंडी उलथी करून बुडाचें भोंक तपासलें. भोंक चिकण मातीनें बुजलें होतें. त्यानें मातीचा गोळा बाहेर काढला. मुळें तपकिरी, बुळबुळीत झालीं होतीं व त्यांस कुजकट वास येत होता. गुरुजी, याला भूक नव्हती, श्वास कोंडला होता, एवढेंच तो बोलला.

या वाक्यांत सर्व निदान आलें. मुळांसही हवा लागते. मातींतील पोकळ्या पाण्यानें भरून राहिल्या म्हणजे मुळें गुदमरतात व कुजतात. कुजलेलीं मुळें पाणी ओढूं शकत नाहींत. म्हणून पाण्यांत उभें असलेलें रोप तहानेल्यासारखें माना टाकतें. अशा वेळीं आणखी पाणी घालणें म्हणजे बुडणाऱ्यास पाणी पाजणें होय. आणि त्यांत मुरविलेलें खत पडलें तर तें मातींत उरलेली हवाही शोषून घेतें. राजापुराकडे वर्षास ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो व त्याचा बहुतेक भाग चार महिन्यांत येतो. जांभ्याच्या उतारावर तें पाणी वाहून जातें. भोंक बुजलेल्या कुंडींत तें कोठें जाणार?

त्या दिवसापासून आम्हीं जो क्रम पाळतों तो येथें नमूद करतों. कुंडी हलकी, माती कडेपासून सुटलेली व पानांच्या कडा वाळलेल्या असतील तर पाणी कमी झालें. कुंडी जड, माती ओली, तरीही पानें लवलेलीं असतील तर पाणी अधिक झालें. तेथें पाणी बंद करून भोंक मोकळें करावें. पाण्याचा निकाल लागल्यावरच खताकडे वळावें. खालचीं जुनीं पानें आधीं सारखीं पिवळीं होत असतील तर नत्र कमी. वरचीं नवीं पानें पिवळीं व शिरा हिरव्या असतील तर बहुधा लोह कमी. जुन्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा पडत असेल तर मॅग्नेशियम कमी. आणि खत नुकतेंच दिलें असतां पानांचीं टोकें करपलीं असतील तर खत अधिक झालें. आपली जांभी माती लोहयुक्त असली तरी मुसळधार पावसांत तींतील पुष्कळ पोषक द्रव्यें धुपून जातात, हेंही विसरूं नये.

आतां पुन्हां ग्रंथांकडे पाहिलें म्हणजे ते निराळे दिसूं लागतात. सुरपालानें रोगांचे आंतर व बाह्य असे दोन वर्ग केले. आंतर वात, पित्त व कफ यांचे, बाह्य कीटक, थंडी इत्यादिकांचे. पित्तांत पानें पिवळीं होतात व फळें अकालीं गळतात, आणि त्याचें कारण उन्हाळ्याच्या अखेरीस तिखट, आंबट, खारट द्रव्यांचा अतिरेक. कफांत फिकटपणा असतोच, पण पानें खुजीं राहतात व फळ उशिरां येतें. कारण थंडींत व वसंतांत गोड, स्निग्ध, थंड द्रव्यांचें अतिसेचन. जुन्या व नव्या पानांचा भेद येथें नाहीं, आणि दोषांची परिभाषा आजच्या रसायनशास्त्राशीं शब्दशः जुळवूं जाणें हा दुराग्रह होईल. परंतु एकच पिवळेपणा दोन विरुद्ध कारणांनीं येतो, व कारण ओळखल्यावांचून उपचार करूं नये, हें तत्त्व त्यांत निःसंशय आहे.

नाजूक रोपाच्या लागवडीची माहिती कोणत्या साधनांत सांपडते, याचें एक उदाहरण भांगेच्या झाडाचें आहे. विजया, भंगा हीं त्याचीं नांवें निघंटूंत आहेत. पण निघंटु हे गुणकर्मासाठीं लिहिलेले असल्यामुळें तेथें रोपाची निगा शोधूं नये. ती १८९३-९४ च्या भांग-गांजा चौकशी आयोगाच्या सात खंडांत आहे. मुंबई इलाख्यांत त्या काळीं अहमदनगर (सध्याचा अहिल्यानगर) जिल्ह्यांत गांजाची लागवड होत असे. बंगालमधील नौगांव येथील पद्धति आयोगानें तपशीलवार नोंदविली आहे : रोपें वाफ्यांत वाढवून पाऊस ओसरतां उंच वरंब्यांवर लावीत, म्हणजे मुळाशीं पाणी थांबत नसे, व पुढें शेण आणि पेंड देत. नर झाडें ओळखून उपटण्यासाठीं तेथें एक जाणता मनुष्य नेमीत, त्यास पोद्दार किंवा पारखदार म्हणत. आधीं निचरा, मग खत, आणि पारखणारा डोळा, हा क्रम येथेंही दिसतो. (१९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यानें परवान्यावांचून ही लागवड दंडनीय आहे, म्हणून हें केवळ इतिहास म्हणून वाचावें.)

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आंबा, फणस यांसारखीं झाडें रयतेनें लेंकरांप्रमाणें बहुत काळ जतन करून वाढविलीं असतात, म्हणून तीं तोडूं नयेत, असा आशय आहे. झाड लेंकरू, तर त्याचा वैद्य लक्षणें पुरतीं विचारणारा पाहिजे.

पोथ्यांचा संग्रह करणाऱ्या सज्जनांस आमची विनंति एवढीच कीं, बाडांत वृक्षांसंबंधीं कांहीं मजकूर आढळल्यास केवळ योग उतरून घेऊन थांबूं नये. त्याच्या मागचीं लक्षणें, ऋतु, भूमि व पाणी यांचीं वाक्यें, तीं कितीही नीरस वाटलीं तरी, अक्षरशः उतरून घ्यावीं, व कोणत्या वाक्यानंतर कोणतें येतें तो क्रम बदलूं नये. निदान गाळून योग छापणें म्हणजे रोग्यास न पाहतां औषध देणें होय. त्याचा परिणाम आमच्या अंगणांतील आठ रिकाम्या कुंड्यांनीं आम्हांस दाखविला आहे. उरलेलीं चार कलमें वांचलीं. त्यांतील दोघांस गेल्या माघांत मोहोर आला.