हूवर धरणाच्या वाटेवरचा पांढरा दगड

भारतातून आई-बाबा आले की त्यांना काय काय दाखवायचे याची यादी आपल्या सगळ्यांची जवळजवळ सारखीच असते. लास व्हेगास आले की पाठोपाठ हूवर धरण आलेच. माझे बाबा इकडे आले तेव्हा आम्हीही गेलो. वाटेत हेंडरसन गावातून जाताना जुन्या कारखान्यांची रांग दिसली आणि बाबा म्हणाले, "अगं, या ओसाड माळावर कारखाना काढायची बुद्धी कोणाला झाली?" मी रसायनशास्त्रातली डॉक्टर, पण उत्तर काही देता आले नाही. घरी येऊन वाचले, ते इथे देते आहे.

शाळेत गुरुजींनी मॅग्नेशियमची फीत चिमट्यात धरून पेटवलेली आठवते का? डोळे दिपवणारा पांढरा उजेड आणि मागे उरलेली पांढरी राख. हे कारखाने त्याच धातूचे. मॅग्नेशियम ॲल्युमिनियमपेक्षाही हलके, म्हणून विमानाच्या भागांसाठी हवे. आणि ते असे भडकून जळते, म्हणून आगलाव्या बॉम्बसाठीही हवे. दुसऱ्या महायुद्धात दोन्हींची मागणी एकदम वाढली. ते मिळवायचे ज्या दगडापासून, तो मॅग्नेसाइट. दिसायला खडूसारखा किंवा जाड्याभरड्या संगमरवरासारखा. आपल्याकडे तमिळनाडूत सेलमजवळच्या टेकड्यांत तोच आहे.

नेवाडातला हा दगड हेंडरसनला मिळत नाही. तो आहे वायव्येला सुमारे तीनशे मैलांवर, पॅराडाइज डोंगररांगेच्या पायथ्याशी, गॅब्ज इथे. १९२७ मध्ये हॅरी स्प्रिंगर नावाच्या माणसाला तिथे ब्रुसाइट सापडले. हे मॅग्नेसाइटचे भावंडच. क्लीव्हलँडची बेसिक रिफ्रॅक्टरीज ही कंपनी तिथला दगड पोलाद भट्टीच्या आतल्या अस्तरासाठी नेत असे, कारण भाजलेला मॅग्नेशिया वितळायला जवळजवळ २८०० अंश सेल्सियस तापमान लागते. या कंपनीचे हॉवर्ड ईल्स यांनी १९४१ मध्ये सरकारपुढे योजना मांडली: दगड गॅब्जचा, वीज हूवर धरणाची. धातू काढण्याची रीत मँचेस्टरजवळच्या मॅग्नेशियम इलेक्ट्रॉन या ब्रिटिश कंपनीची, आणि तिने ती मुळात जर्मनीच्या आय. जी. फार्बेनकडून घेतलेली! म्हणजे जर्मनांचीच विद्या जर्मनांवर उलटली.

गॅब्जचा दगड जमिनीच्या वरच्या थरातच होता, म्हणून बोगदे न खणता उघडी खाण काढता आली. उघडी खाण म्हणजे नुसता मोठा खड्डा नव्हे. आधी वरचा निकामी दगड हटवायचा, मग डोंगराला घाटासारख्या रुंद पायऱ्या पाडत खाली उतरायचे. एकेका पायरीवर भोके पाडून सुरुंग उडवायचे, यांत्रिक फावड्याने माल ट्रकात भरायचा. ऐकायला सोपे आहे. खरी डोकेदुखी चुन्याची. तिथे मॅग्नेसाइटच्या शेजारीच डोलोमाइट आहे, त्यात कॅल्शियम असते, आणि दोन्ही दगड नुसत्या डोळ्यांना फसवतात. म्हणून भोकातला भुगा तपासून कुठला ढीग ठेवायचा आणि कुठला टाकायचा हे ठरवायचे. शिवाय दळलेला दगड फेसाळ पाण्यात घुसळून नको ते वेगळे करायचे. खाणीत निम्मे काम रसायनशास्त्रज्ञाचे असते, हे मी माझ्या धंद्याच्या अभिमानाने सांगते!

मग तो दगड तिथेच भट्टीत भाजायचा. का, तर ८४ किलो शुद्ध मॅग्नेसाइटमधून कार्बन डायऑक्साइड निघून गेला की मॅग्नेशिया उरतो फक्त ४० किलो. वाळवंटातून तीनशे मैल वायू कशाला वाहून न्यायचा? हेंडरसनला त्यात कोळसा मिसळून क्लोरीनच्या भट्टीत घालत आणि तयार झालेले वितळलेले क्लोराइड विजेने फोडत. ४० किलोतून धातू फार तर २४ किलो.

कारखान्याचे नाव बेसिक मॅग्नेशियम. वर्षाला ११ कोटी पौंडांहून अधिक धातू काढायची योजना होती. १९४० मध्ये लास व्हेगासची वस्ती जेमतेम साडेआठ हजार, आणि बांधकामावर माणसे लागली त्याहून जास्त. ती आली कुठून? बरीच कृष्णवर्णीय कुटुंबे आर्कान्सामधल्या फोर्डाइस आणि लुइझियानामधल्या टॅल्युला या छोट्या गावांतून आली. एकाला काम लागले की तो भावाला कळवी, भाऊ मेहुण्याला. आपल्याला हे काही नवीन नाही. पण गोऱ्या कामगारांची वसाहत वेगळी आणि यांची वेगळी. पॉल विल्यम्स या नामवंत कृष्णवर्णीय वास्तुशिल्पकाराने ती आखली, आणि तिला नाव दिले कार्व्हर पार्क, जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर या कृषिरसायनशास्त्रज्ञाचे. घरे चांगली होती, तरी पुष्कळांनी व्हेगासच्या वेस्टसाइडला आपल्या माणसांत राहणे पसंत केले. कारखान्यातल्या सोयीही वर्णावरून वेगळ्या ठेवल्या, तेव्हा १९४३ मध्ये कृष्णवर्णीय कामगारांनी काम सोडून निषेध केला. शास्त्रज्ञाचे नाव वसाहतीला द्यायचे आणि त्याच्या माणसांना वेगळे बसवायचे, हे मला काही केल्या पचत नाही.

एवढा खटाटोप टिकला किती? पहिला धातू ऑगस्ट १९४२ मध्ये निघाला आणि नोव्हेंबर १९४४ मध्ये कारखाना बंद. गरजेपेक्षा जास्त मॅग्नेशियम साठले होते. तिकडे टेक्ससमध्ये डाऊ कंपनी १९४१ पासून समुद्राच्या पाण्यातून ते काढत होती. तिथे ना डोंगर फोडायचा, ना भाजायचा. युद्ध संपल्यावर हेंडरसन गावच विकायला निघाले. १९४८ मध्ये नेवाडा राज्याने ते घेतले, कारखान्याच्या जागी दुसरे उद्योग आले, आणि आज ते राज्यातले दुसऱ्या क्रमांकाचे शहर आहे.

गॅब्जचे उलटे झाले. युद्धाचा धातू बंद झाला तरी पोलाद भट्ट्यांना दगड लागतच होता, त्यामुळे खाण पुन्हा चालू झाली आणि या शतकातही चालू राहिली. गावाला १९५५ मध्ये नगरपालिका मिळाली. २००१ मध्ये ती बरखास्त झाली. २०२० च्या जनगणनेत वस्ती दोनशेहूनही कमी.

बाबांना हे सगळे फोनवर सांगितले. ते म्हणाले, "पुढच्या खेपेला धरण राहू दे, ती खाण दाखव." आईने मात्र मागून विचारले, तिथे जेवणाखाण्याची सोय काय आहे?